पहिला बॉल कोण टाकणार

त्या हिवाळ्यात आमच्या घरी सकाळचा चहा एक दिवसही शांतपणे पिऊन झाला नाही. मी सौदीतल्या धाहरानमधल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. सकाळी दोघांनाही बस गाठायची असते, त्यामुळे एरवी चहाच्या वेळी आम्ही डब्यात काय आहे आणि गॅस बंद केलास का, यापलीकडे बोलत नाही. पण बायकांच्या सॉफ्टबॉल स्पर्धेचं वेळापत्रक लागलं आणि कप हातात घेतल्या घेतल्या एकच विषय सुरू व्हायला लागला. पहिल्या सामन्यात आमच्या हॉस्पिटलच्या टीमकडून पिचिंग कोण करणार?

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच, फक्त चेंडू मोठा आणि मैदान लहान. पिचर मैदानाच्या मध्यावर उभी राहून खालून हात फिरवते आणि टप्पा न पाडता चेंडू थेट बॅटवालीकडे फेकते. तिचा हात चालला तर टीम चालते. मला हे माहीत होतं कारण जळगावला शाळेत असताना मी सॉफ्टबॉल खेळले होते. खेळले म्हणजे उजव्या कोपऱ्यात, जिथे चेंडू क्वचितच येतो अशा ठिकाणी उभी राहून मैत्रिणीशी गप्पा मारल्या होत्या. नवऱ्याची गोष्ट वेगळी. तो सांगलीचा, क्रिकेटवर वाढलेला. कंपनीने त्याला काही महिने ट्रेनिंगसाठी अमेरिकेत पाठवलं आणि तो एक टोपी, दोन टीशर्ट आणि बेसबॉलचं वेड घेऊन परत आला. तेव्हापासून पहाटे उठून तिकडचे सामने बघतो. त्यानेच मला सांगितलं की तिकडे हंगामाच्या पहिल्या सामन्यात चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, यावर लोक अख्खा हिवाळा वाद घालतात. तो मान असतो. त्या खेळाडूचं नाव पुढे वर्षानुवर्षं घेतलं जातं. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मला त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवावंसं वाटायचं.

आमच्याकडे दावेदार दोन होत्या. एक मेडिकल वॉर्डची फिलिपिनो हेडनर्स. फिलिपिनो लोक मोठ्या बहिणीला आते म्हणतात, म्हणून अख्खं हॉस्पिटल तिला आते म्हणायचं. आम्हा मराठी लोकांच्या तोंडी तिची आत्या झाली होती आणि तेही तिला शोभत होतं. पन्नाशीची, ठेंगणी, सदा हसतमुख. तिचा चेंडू जोरात यायचा नाही, पण बॅटवाली जिथे बॅट फिरवेल तिथे तो नसायचा. दुसरी आमच्या लॅबमधली टेक्निशियन. हुफूफची सौदी मुलगी, पंचविशीची, हिजाब घट्ट बांधून उतरायची आणि हात असा फिरवायची की पंख्याचं पातं फिरल्यासारखं वाटावं. चेंडू दिसायचाच नाही, बॅटवालीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आवाज झाला की आला असं समजायचं. ती हसायची मात्र नाही. व्हिडिओ बघून बघून एकटीने पिचिंग शिकली होती.

नवरा आतेच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं, पहिल्या सामन्यात हात थरथरतात, तिथे अनुभवी माणूस हवं. समोरच्या गल्लीतल्या भाभी लॅबवालीच्या बाजूने. भाभी श्रीवर्धनच्या. त्यांचे मियाँ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतात, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. त्यामुळे भाभींकडे वेळ होता आणि आवाज तर मुळातच होता. आदल्या वर्षी त्या मुलीची सायकल शोधायला मैदानावर आल्या आणि सामना संपेपर्यंत उठल्या नाहीत. खेळाचे नियम त्यांनी कुणाला विचारले नाहीत, बघून बघून स्वतःच लावले, आणि बहुतेक बरोबर लावले. त्या म्हणायच्या, आत्याची युक्ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात कंपनीच्या अकाउंट्सच्या बायकांनी तिला धुतलं ते आपण डोळ्यांनी बघितलं. आता जोर पाहिजे.

संध्याकाळी भाभी आमच्याकडे यायच्या, किंवा आम्ही त्यांच्याकडे जायचो. त्या कनद मासा तळायच्या, म्हणजे आपली सुरमईच, आणि सोबत तांदळाच्या भाकऱ्या. वाद घालत घालत नवरा चार भाकऱ्या खायचा आणि शेवटी जेवण फार छान झालं पण मुद्दा पटला नाही, असं सांगून उठायचा. हॉस्पिटलातही तेच. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, बसमध्ये. एक्सरेवाले आतेचे, फार्मसीवाले लॅबवालीचे. टीमची कॅप्टन आमची आहारतज्ज्ञ होती, दक्षिण आफ्रिकेची, उंच आणि मितभाषी. तिने जाहीर केलं होतं की निर्णय सामन्याच्या दिवशी मैदानावर सांगेन, तोवर मला कुणी अडवू नये. लोक तिला पेशंटची नावं सांगून अडवायचे आणि मग पिचिंगचं विचारायचे.

मी कुठल्याच बाजूला नव्हते, पण मजा दोन्हीकडून घेत होते. नवऱ्यासमोर लॅबवालीचं कौतुक करायचं आणि भाभींसमोर आतेचं, एवढं केलं की संध्याकाळ छान जायची.

आणि मग एका सोमवारी, ओपीडी संपता संपता, आते माझ्याकडे आली. नेहमीसारखी हसली नाही. आत येऊन तिने स्वतःच पडदा ओढला आणि युनिफॉर्मची बाही बाजूला करून उजवा खांदा दाखवला. हात वर करताना पुढून कळ येत होती. मी तपासलं. फाटलं-तुटलं काही नव्हतं, पण स्नायूला चांगलीच सूज होती. मी तिला म्हटलं, शेक, व्यायाम, आणि निदान तीन आठवडे पिचिंग नाही. तीन आठवडे म्हणजे पहिला सामना गेला, हे दोघींनाही कळलं.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "त्या पोरीला तर मुळीच नको. तिला वाटेल माझ्या दुखण्यामुळे तिला संधी मिळाली. मी मैदानावर सगळ्यांसमोर म्हणेन की यंदा तरुणांनी पुढे यावं. तिचा मान राहील."

मला ते फार आवडलं. पेशंटचं गुपित मी तसंही कुठे बोलत नाही. पण घरी गेल्यावर नवरा आतेच्या अनुभवाबद्दल तावातावाने बोलायला लागला तेव्हा मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

बुधवारी लॅबवाली आली. तिनेही पडदा ओढला. तिचाही उजवा खांदा. कळ त्याच जागी, फक्त जास्त ताजी. एकटीने रोज सराव करताना तिला थांबायचं कधी, हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी तेच सांगितलं जे आतेला सांगितलं होतं. ती इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, आतेला कळता कामा नये. तिला काळजी वाटेल. मी मैदानावर सांगेन की मोठ्या बहिणीच्या आधी मी चेंडू हातात घेणार नाही. तसं म्हटलं तर कुणाला शंका येणार नाही.

मी तिच्या खांद्यावर शेकाची पिशवी ठेवली आणि पाठ फिरवून भिंतीवरचा मणक्याचा तक्ता बघत राहिले. मला हसू आवरत नव्हतं आणि घामही फुटला होता. दोघी एकमेकींच्या भरवशावर सामना सोडणार होत्या आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी दोघींच्या वेळा वेगळ्या ठेवल्या. पण पुढच्या आठवड्यात लॅबवालीची शिफ्ट बदलली आणि ती तासभर आधीच येऊन उभी राहिली. तेव्हा आते डावीकडच्या पडद्यामागे शेक घेत पडली होती. मी लॅबवालीला घाईघाईने उजवीकडच्या पडद्यामागे नेलं. ती पडते न पडते तोच दारातून भाभींचा आवाज आला. बॅग उचलताना त्यांची मान धरली होती. रिकामी जागा फक्त मधली होती.

भाभी पालथ्या पडल्या, मी मानेवर हात ठेवला, आणि त्या सुरू झाल्या.

"ताई, आता खरं सांग. त्या आत्याच्या हातात जोर उरलाय का? आणि ती लॅबवाली, मागे बघितलंस ना, नुसती वीज."

मराठी त्या दोघींनाही येत नव्हती. पण आत्या आणि लॅब हे शब्द कुणालाही कळले असते. डावीकडे आते काहीतरी गुणगुणत होती, ते थांबलं. उजवीकडे कुणीतरी खोकलं.

"भाभी, मान हलवू नका," मी म्हटलं.

"मान कुठे हलवत्येय, तोंड हलवत्येय," भाभी म्हणाल्या आणि पिचर, पिचर करत पुढची दहा मिनिटं थांबल्या नाहीत. आवाज झाकायला मी हाताशी असलेलं प्रत्येक मशीन चालू केलं. एक घुंई करत होतं, एक टिकटिकत होतं. भाभी म्हणाल्या, आज फारच उपचार केलेस गो, बरं वाटलं. त्यांना दारापर्यंत पोचवलं, मग आतेला मागच्या दाराने काढलं, मग खुर्चीत बसून पाण्याची अख्खी बाटली प्यायले. लॅबवालीने पडद्यामागून विचारलं की इथे नेहमीच एवढी गडबड असते का. मी म्हटलं, सीझन आहे.

मला वाटलं, निदान कॅप्टनला तरी सावध करायला हवं. गुपित न फोडता. कॅन्टीनमध्ये तिला गाठून मी म्हटलं, एखादी तिसरी पिचर तयार ठेव. तिने विचारलं, का? मी म्हटलं, असंच, असलेली बरी. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि सॅलड खायला लागली. पण शेजारच्या टेबलावर फार्मसीवाले बसले होते. दुपारपर्यंत हॉस्पिटलभर झालं की फिजिओने तिसरा पक्ष काढला आहे. संध्याकाळी घरी पोचले तर नवरा सोफ्यावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला. "माझ्या घरात तिसरा पक्ष निघतो आणि मला भाभींच्या मेसेजवरून कळतं."

तो खरंच दुखावला होता आणि त्याचा तो चेहरा बघून माझ्या पोटात हसू मावत नव्हतं. तिसरी कोण, हे त्याने चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी म्हटलं, मलाच माहीत नाही. ते शंभर टक्के खरं होतं आणि त्याने त्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून सामन्यापर्यंत तो आणि भाभी एक झाले. माझ्याविरुद्ध. दोघं मिळून रोज नवीन नाव काढायचे आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

सामना शनिवारी, दुपार कलल्यावर असरच्या नमाजनंतर होता. हवा छान गार, थोडा वारा, मैदानावर नुकत्याच मारलेल्या चुन्याच्या रेघा. समोर तीच अकाउंट्सची टीम. बाकांवर जागा उरली नव्हती. एक्सरेवाल्यांनी आतेसाठी कापडी फलक आणला होता, फार्मसीवाल्यांनी लॅबवालीसाठी त्याहून मोठा. भाभी मुलीला घेऊन अगदी पुढे, शेजारी नवरा. मी टीमच्या बाकावर बर्फाची पेटी सांभाळत बसले होते. इतकी धडधड मला स्वतःच्या लग्नात झाली नव्हती.

कॅप्टन चेंडू घेऊन मध्ये गेली आणि दोघींना बोलावलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात आते पुढे झाली आणि म्हणाली, यंदा तरुणांनी पुढे यावं. त्याच वेळी लॅबवाली म्हणाली, आते असताना मी चेंडू घेणार नाही. दोघी थांबल्या. मग आतेने पुन्हा, जरा जोर देऊन सांगितलं. लॅबवालीने छातीवर हात ठेवून मान हलवली. हळदीकुंकवाला आलेल्या दोन बायका दारात उभ्या राहून एकमेकींना आधी आत जायला सांगतात, तसं ते चाललं होतं, आणि आत कुणीच जात नव्हतं. बाकांवरून आधी टाळ्या आल्या, मग कुजबुज. आतेवाले लॅबवालीच्या नावाने ओरडायला लागले कारण त्यांना आतेचा मोठेपणा फार भावला, आणि लॅबवालीची माणसं आतेच्या नावाने. फलकांची अदलाबदल होते की काय असं मला वाटलं. पंच घड्याळ बघत म्हणाला, यल्ला, चला लवकर.

कॅप्टनने वळून माझ्याकडे बघितलं. मी बुटांच्या नाड्या बघायला लागले. बस, तेवढ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं. तिने चेंडू सरळ कॅचरच्या हातात दिला आणि कॅचरचा मुखवटा स्वतः चढवला.

कॅचर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली मल्याळी नर्स. इतक्या आठवड्यांच्या वादात तिचा विचार कुणी स्वप्नातही केला नव्हता, तिने स्वतःही नाही. ती एकदा चेंडूकडे, एकदा आमच्याकडे बघत मध्ये जाऊन उभी राहिली. मग सर्जनच्या हातात कात्री द्यावी तितक्या अलगद तिने पहिला चेंडू सोडला.

तो इतका सावकाश आला की समोरच्या बाईने तो यायच्या आधीच बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. अकाउंट्सवाल्यांनी महिनाभर एक तर आतेच्या फसव्या चेंडूची तयारी केली होती, नाहीतर लॅबवालीच्या वेगाची. हे असलं काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. ज्यांना थांबून मारायचं सुचलं त्यांनी उंच मारलं, आणि वाऱ्याने चेंडू परत आमच्याच मुलींच्या हातात आणून टाकला. अर्थात सगळं असंच झालं नाही. मध्ये त्यांनाही सूर सापडला, त्यांनी भराभर धावा काढल्या आणि भाभींनी डोक्याला हात लावला. आमच्याही बायका मग पेटल्या. शेवटच्या इनिंगमध्ये दोन्ही बाजू बरोबरीत होत्या.

आमची एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरतो तिथे, पोचली आणि पाय मुरगळून तिथेच बसली. मी बर्फ घेऊन धावले. तिच्या जागी पळायला कॅप्टनने लॅबवालीला पाठवलं. पळायला खांदा लागत नाही. बेसशेजारी आते उभी होती, कधी पळायचं ते सांगायला. पुढच्या चेंडूवर बॅट कशीबशी लागली आणि चेंडू जमिनीवरून घरंगळला. आतेने डावा हात फिरवला आणि लॅबवाली सुटली. पलीकडून कुणीतरी चेंडू उचलून, धाव पुरी होते त्या होम प्लेटकडे फेकला, तो त्यांच्या कॅचरच्या डोक्यावरून गेला, आणि लॅबवाली धुळीतून बसल्या बसल्या घसरत प्लेटवर आली. पंचाने दोन्ही हात पसरले, म्हणजे सेफ, धाव झाली, आम्ही जिंकलो.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. धुळीने माखलेली लॅबवाली बसल्या जागी हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि तिच्या गालाला खळी पडते हे हॉस्पिटलात कुणालाच माहीत नव्हतं. मल्याळी नर्स रडत होती. नवरा आणि भाभी एकमेकांना टाळी द्यायला गेले, दोघांचाही नेम चुकला, मग त्यांनी पुन्हा दिली. भाभींची मान बरी झालेली दिसत होती.

सूर्यास्ताची मगरिबची नमाज झाल्यावर सगळी टीम आणि आमच्यासारखे चाहते शेजारच्या खोबर शहरात मंदी खायला गेलो. खाली गालिच्यावर बसून मोठमोठ्या ताटांतला भात आणि मटण सगळ्यांनी मिळून खायचं. आते आणि लॅबवाली एकाच ताटाला समोरासमोर बसल्या होत्या. टोमॅटोच्या चटणीची वाटी जरा लांब होती. दोघींनी एकाच वेळी उजवा हात लांबवला, आणि दोघी एकाच वेळी आई गं म्हणाल्या, आपापल्या भाषेत.

आतेने लॅबवालीच्या खांद्याकडे बघितलं. लॅबवालीने आतेच्या. मग दोघींनी सावकाश माझ्याकडे बघितलं.

"तुला दोघींचं माहीत होतं," आते म्हणाली.

मी भात खात राहिले. आते आधी हसली. ती हसायला लागली की तिचं अंग हलतं, आणि अंग हललं की खांदा दुखत होता, म्हणून ती हसत हसत कळवळत होती. मग लॅबवालीला आवरेना. आतेने तिथेच सगळ्यांना मोठ्याने सगळं सांगून टाकलं, पडद्यामागचं, मागच्या दाराचं, सगळं. लॅबवालीने तिची बाजू सांगितली. दोघींनीच सांगितलं म्हणून आज मीही लिहू शकते. भाभींना मधल्या पलंगाचा उलगडा झाला तेव्हा त्यांनी ओढणी तोंडावर घेतली, आणि मग ओढणीच्या आतून विचारलं, मी काय काय बोलले ते यांना कळलं का? लॅबवाली शांतपणे म्हणाली, वीज कळलं नाही, पण चांगलं असावं. मी अर्थ सांगितला. ती लाजली आणि तिने ताटातला मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलून भाभींच्या पुढ्यात ठेवला. भाभींनी त्याचे दोन भाग केले आणि मोठा आतेला दिला.

नवरा मात्र जेवताना एकदम गप्प झाला होता. निघताना त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, आतेला नमस्कार केला, माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं, जे तो एरवी करत नाही. मला वाटलं, पुन्हा रुसला. इतके दिवस समोर बसून त्याचं ऐकत होते आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं, हे त्याला लागलं असेल.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "राग आलाय का?"

"नाही," तो म्हणाला. "मी फक्त आठवतोय. त्या सोमवारी मी तुला तासभर समजावून सांगत होतो की आतेचा खांदा लोखंडाचा आहे."

"हो."

"आणि तू पोळ्या लाटत होतीस."

"हो."

पुढे सिग्नल लाल होता. गाडी थांबवून त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि तो हसायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग मलाही सुटलं. शेजारच्या गाडीतला पांढरा पायघोळ ठोब घातलेला माणूस आमच्याकडे बघत होता, आणि थोड्या वेळाने, काय झालंय ते माहीत नसताना, तोही हसायला लागला. सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही तिघं तिथेच होतो.